समन्स बजावणी, दारव्हा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी ती दिवसातून चारदा चढलो, एकतीस वर्षं.
पगार होता म्हणून.

झेंडा नवा होता तेव्हा.
न्यायाधीशांच्या खुर्चीमागची राजाची तसबीर काढलेली,
भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा.
माझ्या पट्ट्यावर पितळी बिल्ला, पिशवीत तीन समन्सं.
सायकल सरकारची, पंक्चर माझं.

पहिलं मोतीरामजी गावंड्यांना.
म्युनिसिपालटीचे अध्यक्ष,
बेचाळीसला अकरा महिने सिवनीच्या जेलात.
वादी छोगमलजी मुंधडा, जिनिंगवाले.
तेच अकरा महिने, तीच बराक.
हॅण्डनोट अठरा हजारांची, तिकिटावर आडवी सही,
साक्षीदाराची जागा कोरी.
गरज वाटली नसेल.
दावा लागला मुदत संपायच्या आदल्या दिवशी, पावणेपाचला.
तीन वर्षं शेठजी थांबले होते,
पैशासाठी नाही, असा माझा अंदाज.

"ठेव तिथं पायरीवर."
हातात द्यावं लागते, मालक. सही लागते.
ज्या हाताचं पाणी त्यांच्या माजघरात गेलं नसतं
त्या हातून त्यांनी कागद घेतला,
दोन बोटांनी, वरच्या कोपऱ्याला धरून.
समतेवर ते बोलत छान, हे मी मान्य करतो.
सहीपण झोकदार केली.

दुसरं शेठजींनाच.
वादी शामराव दिघडे वकील,
प्रेसच्या बॉयलरसाठी दिलेले साडेअठरा हजार.
शेठजींनी बसायला पोतं टाकलं.
"लहानू, मोतीरामनं घेतलं का?"
घेतलं जी.
"काही बोलला?"
पायरीवर ठेव म्हणे.
ते हसले. मग चष्मा पुसत बसले,
बराच वेळ, कोरडाच चष्मा.

तिसरं दिघडे वकिलांना.
इलेक्शनात जीप, पोस्टरं, नागपूरच्या फेऱ्या,
डिपॉझिट गेलं, उसने राहिले: सतरा हजार आठशे.
वादी मोतीरामजी.
"पत्ता चुकला तुझा," वकील म्हणाले,
स्वतःच्या नावाच्या पाटीखाली उभं राहून,
आणि आत गेले.
मग चौकटीला डकवलं.
खळ घरची, ज्वारीच्या पिठाची.
पंच म्हणून पानवाला आणि एक न्हावी.

दुपारी मोतीबागेच्या फलाटावर भाकर सोडली.
गाडीचा पत्ता नव्हता.
बोटांवर मांडून पाहिलं:
याचे त्याला, त्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे याला.
व्याज सोडलं तर सगळं फिटून
सातशे रुपये निघत होते, वकिलांचे येणे.
याच बाकावर तिघं बसले असते
तर गाडी यायच्या आत मिटलं असतं.
पण आधी बसणार कोण?

मी कोणाला बोललो नाही.
बेलिफानं बोलायचं नसते.
शिवाय दर समन्सामागं चार आणे भत्ता होता.

चार वर्षं चाललं.
वकिलानं वकील लावला, त्या वकिलानं तारखा.
मधे बाजाराच्या चौकात हुतात्मा स्तंभ उभारला,
तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी हार घातले.

मग जप्ती. अध्यक्षांकडं:
रेडिओ एक. खोगीर एक. सुताचे गुंड, नग नऊ.
आणि कपाटात उपरण्यात गुंडाळलेली
जस्ताची ताटली, काठावर ठोकलेला नंबर ३१४.
"किंमत टाक," नाझर म्हणाले.
किती टाकू?
"अरे टाक दोन आणे."

पोळ्याच्या आठ दिवस आधी शेठजींकडं.
तिजोरी आम्ही येणार म्हणून उघडीच ठेवलेली.
आत चोपड्या, चोपड्यांखाली ३१५.
शेठजी म्हणाले, "ती राहू दे,"
मग म्हणाले, "नाही, लिहून घे. कायदा म्हणजे कायदा."

मालखान्यात दोन्ही एकावर एक पडल्या,
मधे मी पुठ्ठा घातला, गंज नको म्हणून.
जस्ताला गंजत नाही, हे नंतर कळलं.

लिलावात रेडिओला झुंबड.
ताटल्यांना बोली नाही.
एकीत नाझरसाहेब सुपारी ठेवू लागले.
कोर्टाच्या माणसाला बोली लावता येत नाही,
म्हणून दुसरी मेहुण्याच्या नावावर घेतली.
दोन आणे. पावती आहे.

कोणत्या नंबरची, ते विचारू नका.
भाकर तिच्यात बरोबर बसते.